औषध उंदरापाशीच का थांबतं? आयुष मंत्रालयाला एक खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव, आयुष मंत्रालय, नवी दिल्ली
मा. महासंचालक, केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषद
मा. महासंचालक, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद

महोदय,

मी एका फार्मसी कॉलेजच्या ॲनिमल हाउसमध्ये 31 वर्षं नोकरी केली. 1992 साली परिचर म्हणून लागलो, 2023 साली लॅब असिस्टंट म्हणून निवृत्त झालो. उंदरांचे पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाद्य-पाणी, वजनं, आणि प्रयोगाच्या दिवशी विद्यार्थ्यांच्या शेजारी उभं राहून उंदीर धरणं, हे माझं काम. माझी मुलगी 29 वर्षांची आहे. तिला नवव्या वर्षापासून फिट येतात. या दोन्ही गोष्टी एकाच घरात आल्या, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

फिटवर एखादी वनस्पती कशी तपासतात, ते आधी सांगतो. विद्यार्थी पाला किंवा मुळ्या आणतो, सावलीत वाळवतो, भरड करतो आणि सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात अल्कोहोल घालून अर्क काढतो. काळपट, चिकट, काकवीसारखा. मग 6-6 उंदरांचे 5 गट. एका गटाला अर्क ज्यात कालवतात ते नुसतं द्रावण, एकाला फेनिटॉइन किंवा डायझेपाम ही फिटवरची नेहमीची औषधं, उरलेल्या तीन गटांना अर्काचे तीन डोस. तासाभराने उंदराच्या कानांना क्लिपा लावून 0.2 सेकंद विजेचा झटका. उंदीर ताठतो, मागचे पाय सरळ लांब होतात. ते किती सेकंद तसे राहिले, ते स्टॉपवॉचवर मोजायचं. दुसऱ्या चाचणीत झटक्याऐवजी पीटीझेड या फिट आणणाऱ्या रसायनाचं इंजेक्शन, आणि पहिला आचका किती वेळाने आला ते लिहायचं. संध्याकाळपर्यंत तक्ता भरतो.

2005 साली मुलीला पहिली फिट आली तेव्हा ती स्वयंपाकघरात पाट मांडत होती. तिचे पाय तसेच ताठ होताना मी पाहिले. त्यानंतर प्रयोगाच्या दिवशी उंदीर धरताना माझे हात पूर्वीसारखे राहिले नाहीत. तरी मी ते काम कधी टाळलं नाही. मला वाटायचं, यातून काहीतरी निघेल आणि आज ना उद्या ते तिच्यापर्यंत पोचेल.

ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, वेखंड, मालकांगोणी, निरगुडी, लाजाळू, शेवग्याचा पाला. माझ्या हातांखालून गेलेली ही नावं. बहुतेक वेळा निकाल चांगला यायचा, म्हणजे पाय कमी वेळ ताठायचे किंवा आचका उशिरा यायचा. प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधला जायचा आणि शेवटच्या पानावर ठरलेलं वाक्य असायचं, की पुढील अभ्यास आवश्यक आहे. पुढच्या वर्षी नवा विद्यार्थी यायचा आणि नवं झाड घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. आधीच्या झाडाचा पुढचा अभ्यास करायला 31 वर्षांत एकही जण आला नाही.

कॉलेजं आपल्या मंत्रालयाची नाहीत, हे मला कळतं. पण उंदरानंतरचा टप्पा कॉलेजच्या आवाक्यातला नसतो. त्याला प्रत्येक खेपेला एकसारखा बनलेला अर्क लागतो, न्यूरॉलॉजी विभाग असलेली रुग्णालयं लागतात, रक्तातली पातळी मोजणारी प्रयोगशाळा आणि पाच-सहा वर्षांचा पैसा लागतो. ते सरकारच्या हातात आहे. आपली आयुर्वेदीय परिषद 1978 पासून आहे, स्वतंत्र मंत्रालय नोव्हेंबर 2014 पासून आहे. देशात फिटचे रुग्ण एक कोटीहून जास्त असल्याचा अंदाज आहे. म्हणून विचारतो: ही साखळी उंदरापाशी का तुटते?

मी आयुर्वेदाच्या विरोधात लिहीत नाही, हे स्पष्ट सांगतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहे, दहावा. अपस्माराच्या रोग्याला पाणी, विस्तव, झाड आणि डोंगर यांपासून सदैव जपावं, असं त्यात सांगितलं आहे. आमच्या घरात विहिरीकडे एकटीने जायचं नाही, गॅसपाशी कुणीतरी असावं, गच्चीवर चढायचं नाही, हे नियम डॉक्टरांनी घालून दिले तेव्हा मला तो अध्याय माहीत नव्हता. पुढे कॉलेजातल्या एका मॅडमनी तो वाचून दाखवला, तेव्हा अंगावर काटा आला. इतकं बारकाईने रोगी पाहणाऱ्यांनी ज्या वनस्पती सुचवल्या, त्या नीट तपासायच्या लायकीच्या आहेत, असं मला मनापासून वाटतं. तक्रार आहे ती त्या नीट न तपासताच विकल्या जातात याची.

आता मुलीबद्दल. तिला फेनिटॉइन चालू होतं आणि अडीच वर्षं एकही फिट आली नव्हती. 2011 च्या दिवाळीनंतर, दहावीचं वर्ष म्हणून, घरच्यांनी तिला स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पीचं सरबत सुरू केलं. मेडिकलमधून आणलेलं, साधं, कुणीही घेतं ते. मीही नको म्हटलं नाही. जानेवारीत तिला वर्गात फिट आली, मग आठवड्याने दुसरी, मग परीक्षेच्या तोंडावर तिसरी. गोळी एकदाही चुकली नव्हती. डॉक्टरांनी रक्तातली फेनिटॉइनची पातळी तपासली, ती घसरलेली होती. "आणखी काही देताय का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा सरबताचं नाव निघालं.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात एका सरांनी मला एक शोधनिबंध काढून दाखवला. मुंबईतल्या संशोधकांनी 1992 साली प्रसिद्ध केलेला. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांच्या फिट अचानक आटोक्याबाहेर गेल्या, रक्तातली पातळी उतरली आणि दोघेही शंखपुष्पीचं औषध घेत होते. मग त्यांनी ते उंदरांवर करून पाहिलं. दोन्ही औषधं काही दिवस एकत्र दिल्यावर फेनिटॉइनची पातळीही घटली आणि परिणामही. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी हे छापून आलं होतं. माझ्या मुलीच्या बाटलीवर 19 वर्षांनंतरही त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तिची दहावी ऑक्टोबरमध्ये झाली. ते वर्ष गेलं याचं तिला आजही वाईट वाटतं, आणि मला जास्त.

ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. वनस्पती आणि गोळी पोटात एकत्र गेल्यावर काय होतं, हे सांगण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. शंखपुष्पी फेनिटॉइन उतरवते. मिरीतलं पायपरीन उलट ते चढवतं, आणि फेनिटॉइन चढलं की झोकांड्या जातात, डोळे गरगरतात, एकाचे दोन दिसतात. मिरी तर त्रिकटूत आहे आणि त्रिकटू कितीतरी चूर्णांत आहे. ही माहिती आपल्याच देशातल्या लोकांनी उंदीर आणि रुग्ण पाहून मिळवली आहे. ती बाटलीच्या लेबलापर्यंत आणायला काय अडचण आहे?

दुसरी तक्रार झाडाच्या ओळखीची. शंखपुष्पी म्हणून कुठे खरी शंखपुष्पी मिळते, कुठे विष्णुक्रांता, कुठे गोकर्ण. ब्राह्मी मागितली की एक दुकानदार नीरब्राह्मी देतो, दुसरा कारिवणा. दोन वेगळी झाडं, वेगळ्या कुळांतली, आत वेगळी रसायनं. आमच्याकडे वनस्पतिशास्त्राच्या सरांचा दाखला घेतल्याशिवाय प्रयोगाला परवानगी नसायची. उंदराला द्यायच्या झाडाला दाखला लागतो. मुलाला द्यायचं ते काष्ठौषधींच्या दुकानातून पुडीत बांधून येतं.

वेखंडाचं आणखी वेगळं आहे. घराघरांत बाळाला उगाळून देतात, आम्हीही दिलं. आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसारोन नावाचं रसायन भरपूर असतं आणि त्याने प्रयोगातल्या उंदरांना कर्करोग झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने 1968 साली वेखंड खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी केली. मेंदूच्या विकारांवर शतकानुशतकं सांगितलेलं औषध आणि ही शंका, दोन्ही एकाच मुळीत आहे. किती दिलं तर चालतं, किती दिवस, कुणाला अजिबात नको, हे ठरवायला माणसांवरचा पद्धतशीर अभ्यास हवा. तसंच कापराचं. कापराने फिट येते. 1934 साली हंगेरीतल्या मेडुना नावाच्या डॉक्टरने मनोरुग्णांना मुद्दाम झटके आणायला आधी कापूरच वापरला होता आणि नंतर तो पीटीझेडकडे वळला. आम्ही उंदरांना टोचायचो तेच पीटीझेड. आणि आपल्याकडे सर्दी झाली की कापराची पोटली बाळाच्या गळ्यात बांधतात. झाडापासून आलेलं म्हणजे निर्धोक, ही समजूत कुणीतरी अधिकारवाणीने दूर करायला हवी.

तिसरी तक्रार चाचणीच्या दर्जाची आहे आणि ती थोडी सविस्तर सांगू द्या, कारण ते माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. आम्ही वर्षानुवर्षं त्याच दोन चाचण्या केल्या, वीज आणि पीटीझेड. दोन्ही निरोगी उंदरांवर. धडधाकट उंदराला एक झटका देऊन पाहणं वेगळं आणि ज्याच्या मेंदूतून आपोआप फिट उसळतात त्याला बरं करणं वेगळं. माझी मुलगी आज लेव्हेटिरासेटमवर आहे आणि तिला बरं आहे. ते औषध या दोन्ही चाचण्यांत परिणाम दाखवत नाही. त्याचा गुण दिसला तो कित्येक आठवडे खपून तयार केलेल्या, खरोखर फिट येणाऱ्या प्राण्यांमध्ये. म्हणजे आमच्या कॉलेजात तिचं औषध नापास होऊन बाहेर पडलं असतं. दुसऱ्या बाजूला, एखाद्या अर्काने उंदीर नुसता गुंगीत गेला तरी आचका उशिरा येऊ शकतो. ते ओळखायला फिरत्या दांड्यावर उंदीर किती वेळ टिकतो ते बघतात. तो दांडा आमच्याकडे मोडलेला होता आणि तीन बॅचेस तशाच पार पडल्या.

तुलनेचा गट किती महत्त्वाचा असतो, याची गोष्ट एक सर प्रत्येक नव्या वर्गाला सांगायचे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पिएर आयमार नावाचा संशोधक खेला नावाच्या झाडातल्या घटकापासून बनवलेली संयुगं तपासत होता. ती पाण्यात विरघळेनात, म्हणून एका द्रावकात विरघळवली. जे संयुग घ्यावं ते फिटवर लागू पडायला लागलं. शेवटी शंका आली म्हणून नुसतं द्रावक देऊन पाहिलं. गुण द्रावकाचाच होता. ते व्हॅल्प्रोइक ॲसिड. आज जगभर लाखो रुग्ण ते घेतात. नुसतं द्रावक देऊन पाहिलं नसतं, तर त्या झाडाच्या नावाने चुकीचं औषध बाजारात आलं असतं आणि खरं औषध बाटलीच्या तळाशी राहिलं असतं.

मात्रेचा हिशेब तर कुणी विचारतच नाही. उंदराला किलोमागे 400 मिलिग्रॅम अर्क देऊन गुण आला, तर माणसाच्या मापात आणायला रूढ पद्धतीने त्याला साधारण 12 ने भागतात. 60 किलोच्या माणसाला रोज 2 ग्रॅम अर्क झाला. पाल्यातून दहावा हिस्सा अर्क निघतो असं धरलं तर 20 ग्रॅम चूर्ण. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये त्यातलं किती असतं, ते डबीवर वाचून बघावं.

चौथी तक्रार कायद्याची. ग्रंथोक्त औषधाला परवाना घेताना ग्रंथाचा आधार पुरतो, परिणामाचा पुरावा मागितला जात नाही. जाहिरातींवर थोडा चाप बसावा म्हणून 2018 साली औषधांच्या नियमावलीत नियम 170 आला. जाहिरात करण्याआधी परवानगी घ्या, एवढंच तो सांगत होता. आपल्या मंत्रालयाने 1 जुलै 2024 च्या अधिसूचनेने तो काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये त्या अधिसूचनेला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये प्रकरण निकाली निघाल्यावर स्थगितीही उरली नाही. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत अपस्मार आहे आणि फिटसुद्धा वेगळ्याने आहे. तरी एसटी स्टँडच्या भिंतींवर "फिट कायमची बंद" हे आजही रंगवलेलं असतं. आधीचा चाप काढताना आपण फिटच्या रुग्णांच्या घरच्यांना विचारलं होतं का?

आमच्या तालुक्यातल्या एका 17 वर्षांच्या मुलाला अशाच एका जाहिरातीवरून पुड्या सुरू केल्या. गोळ्या बंद करा, नाहीतर गुण येणार नाही, असं सांगितलं होतं. तीन महिने त्याला एकही फिट आली नाही. तो दिवसभर पेंगायचा, पण आईवडील आनंदात होते. मग पुड्या संपल्या, नव्या यायला दहा दिवस लागले, आणि एका रात्री फिटमागून फिट सुरू झाल्या त्या थांबेनात. तीन दिवस आयसीयू. मुलगा वाचला. पुडीत काय होतं ते कुणी तपासलं नाही. देशात अशा "आयुर्वेदिक" पुड्यांत फेनोबार्बिटोनसारखी फिटची जुनी गोळी मिसळलेली सापडली आहे. ती अचानक तुटली की नेमकं असंच होतं. खऱ्या वैद्यांना याचा जास्त राग यायला हवा.

हे सगळं करून दाखवता येतं, याचं एक उदाहरण आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात झाली. 1839 साली कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने भांगेच्या झाडाचा अर्क 40 दिवसांच्या एका मुलीला झटक्यांसाठी दिल्याचं लिहून ठेवलं. त्याच झाडातला कॅनाबिडिऑल हा एकच घटक शुद्ध करून अखेर मुलांवर तपासला गेला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ड्रॅव्हे सिंड्रोम या लहानपणापासून फिट येणाऱ्या गंभीर आजाराची 120 मुलं आणि तरुण होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं, औषध नसलेलं द्रावण, आणि सगळ्यांच्या आधीच्या गोळ्या चालू. औषधाच्या गटात महिन्याच्या झटक्यांचा मध्यांक (ओळीने लावल्यावर येणारा मधला आकडा) 12.4 वरून 5.9 वर आला, दुसऱ्या गटात 14.9 वरून 14.1. औषधाच्या गटातल्या 5 टक्क्यांचे झटके पूर्ण थांबले. जुलाब, पेंग, यकृतावर होणारा परिणाम, क्लोबाझाम या फिटच्या दुसऱ्या गोळीबरोबर घेतल्यावर काय होतं, तेही मांडलं. जून 2018 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. झाड आपलं, पहिली नोंद कलकत्त्याची, आणि औषध ब्रिटिश कंपनीचं. मला त्या कंपनीचा हेवा वाटत नाही. त्यांनी उंदरानंतरचा रस्ता पूर्ण चालून दाखवला, म्हणून त्यांना ते मिळालं.

आपल्याकडे त्या रस्त्याला कायदाही आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये फायटोफार्मास्युटिकल, म्हणजे झाडापासूनच्या औषधांचा, वेगळा वर्ग केला गेला. प्रमाणित अर्क, त्यातले किमान चार घटक मोजलेले, आणि मग रीतसर चाचण्या. दहा वर्षं झाली. फिटसाठी त्या वाटेने कोणती वनस्पती कुठपर्यंत आली आहे?

माझ्या मागण्या या आहेत.

शंखपुष्पी, मिरी-पिंपळी आणि कापूर असलेल्या प्रत्येक पोटात घ्यायच्या औषधाच्या लेबलावर मराठीसह त्या त्या राज्याच्या भाषेत ठळक सूचना छापणं सक्तीचं करा: फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. याला नवं संशोधन लागत नाही. हे सगळ्यात आधी करा.

दोन किंवा तीन वनस्पती निवडा. माझ्या मते नीरब्राह्मी आणि जटामांसी. जटामांसीच्या अर्काने प्रयोगात विजेच्या झटक्याला उपयोग झाला, पीटीझेडला नाही, आणि फेनिटॉइनबरोबर दिल्यावर त्याचा जोर वाढला, हे 2005 साली छापून आलं आहे. म्हणजे आशा आणि धोका दोन्ही तिथे आहेत. पण हिमालयातली ही वनस्पती संपत चालली आहे, तेव्हा लागवडीचा विचार आधी करा. दोन्ही परिषदांनी मिळून, देशातल्या न्यूरॉलॉजी विभागांत, गोळ्या चालू ठेवून, तुलनेच्या गटासह चाचणी घ्या. सुरू करण्याआधी नोंदणी करा आणि निकाल काहीही आला तरी छापा. गुण आला नाही, हेही आम्हाला कळायला हवं.

आपल्या परिषदेने आयुष-56 हे औषध अपस्मारासाठीच तयार केलं होतं. त्याच्या चाचण्यांत किती रुग्ण होते, त्यांच्या आधीच्या गोळ्यांचं काय केलं, तुलनेचा गट होता का, किती जणांना त्रास झाला, हे सामान्य माणसाला वाचता येईल अशा भाषेत एका ठिकाणी ठेवा.

फिटवर इलाज म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि चूर्णं दर वर्षी बाजारातून उचलून फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, शिसं, पारा यांसाठी तपासा आणि निकाल नावानिशी जाहीर करा. नियम 170 किंवा त्याच्या तोडीचं काही परत आणा.

आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी 2018 पासून आपली यंत्रणा आहे. तिचा फोन नंबर प्रत्येक बाटलीवर असू द्या. 2012 च्या जानेवारीत मला कुणाला सांगायचं हेच माहीत नव्हतं.

आणि प्राणिप्रयोगांना परवानगी देणाऱ्या समित्यांना कळवा, की तेच झाड, त्याच दोन चाचण्या, तेच तीन डोस असा प्रस्ताव पुन्हा आला तर पुढचा टप्पा कोण करणार ते विचारल्याशिवाय सही करू नका. मी धरलेल्या उंदरांची संख्या मी कधी मोजली नाही. ते सगळे मेले. निदान त्यांच्या नोंदी एकत्र करून कुणीतरी वाचाव्यात, एवढं मी त्यांच्या वतीने मागतो.

हे पत्र मुलीला वाचून दाखवलं. ती एका पतसंस्थेत नोकरी करते, हिशेबात पक्की आहे आणि माझी दोन आकड्यांची चूक तिनेच दुरुस्त केली. अशी चाचणी झाली तर ती नाव द्यायला तयार आहे. तिने एकच गोष्ट विचारली, ती आपल्यापुढे ठेवतो, कारण तिचं उत्तर मी देऊ शकत नाही: "बाबा, माझ्या गोळ्या बंद करायला सांगणार नाहीत ना?"

लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट
सांगली जिल्हा